नोंदीला समास हवा: संशोधनासाठीच्या मोबाइल ॲपविषयी

महाराष्ट्रात प्रश्नांचे कागद घेऊन गावात शिरण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली; चार वर्षांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी आली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात पुण्याच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायापासून खुद्द पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीपर्यंत अनेक पाहण्या केल्या. अशा प्रत्येक कामात एक प्रश्न उभा राहतोच: अन्वेषकाने दारात उभे राहून लिहून आणलेला आकडा कितपत खरा मानायचा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांत आणि नंतर १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत या प्रश्नालाच पद्धतीचे रूप दिले. एकाच भागातून दोन स्वतंत्र उपनमुने निवडायचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवायचे आणि दोघांच्या आकड्यांत किती अंतर पडते ते पाहायचे. चूक किती असू शकते हे मोजून जाहीर करता यावे, हा त्यामागचा विचार. आज त्या कागदाची जागा फोनने घेतली आहे. संशोधनासाठी ॲप तयार करताना काय काय ठरवावे लागते हे सांगणारे हे पुस्तकही त्याच जुन्या प्रश्नापाशी सुरू होते, आणि या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. कागदी अनुसूचीला समास होता. उत्तर चौकटीत मावले नाही की अन्वेषक समासात लिहीत असे: ‘वय सासूने सांगितले’, ‘जमीन थोरल्या भावाच्या नावावर, कसतो हा’, ‘आकडा अंदाजाने’. खाडाखोडही डोळ्यांना दिसत असे. फोनच्या स्क्रीनवर ही जागा आपोआप मिळत नाही. ती ठेवायची असे कोणीतरी ठरवावे लागते. जे ॲप उत्तराबरोबर ते कसे मिळाले याचीही नोंद ठेवते, तेच संशोधनाचे साधन, असे माझे म्हणणे आहे. ज्यात फक्त नीटनेटके उत्तर उरते ते कितीही वेगवान असले तरी संशोधनाला अपुरे पडते.

ॲप तयार करायचे म्हटले की बहुतेक संशोधक प्रोग्रामरच्या शोधाला लागतात. ही समजूत आता जुनी झाली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात गेटानो बोरिएलो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००८ साली ‘ओपन डेटा किट’ या फोनवर माहिती गोळा करण्याच्या साधनाचे काम सुरू केले, अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला तेच हे वर्ष. त्यांनी साधन सर्वांसाठी खुले ठेवले, आणि कोबोटूलबॉक्स किंवा सर्व्हेसीटीओ ही आज जगभर वापरली जाणारी साधने त्याच पायावर उभी राहिली. यांत प्रश्नावली एका साध्या एक्सेल तक्त्यात लिहायची असते. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचे सांकेतिक नाव, तिसऱ्यात मराठी मजकूर. मग तो प्रश्न कोणाला विचारायचा याची अट, उत्तराला कोणती मर्यादा आहे आणि उत्तर सक्तीचे आहे की नाही. तक्ता चढवला की फोनवर फॉर्म तयार. म्हणजे प्रोग्रामरने करायचे बरेचसे काम आधीच झालेले असते. उरते ते शेवटच्या तीन रकान्यांतले काम, आणि ते सगळेच्या सगळे संशोधकाचे असते. एखाद्या बाईला प्रसूतीचे प्रश्न कोणत्या अटीवर विचारायचे, वयाला वरची मर्यादा किती लावायची, उत्पन्न सांगितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे की नाही: यातला प्रत्येक निर्णय नंतरच्या आकड्यांत उतरतो. कागदावर असे निर्णय अन्वेषक दारात घेत असे आणि पर्यवेक्षक संध्याकाळी तपासत असे. ॲपमध्ये ते गावात पाऊल टाकण्यापूर्वीच पक्के होऊन बसतात. म्हणून हे काम ‘तांत्रिक बाजू’ म्हणून दुसऱ्याकडे सोपवणारा संशोधक आपल्या अभ्यासाचा गाभाच सोपवत असतो.

फोनच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, आणि तो आधी पूर्णपणे मान्य केला पाहिजे. टांझानियातल्या पेम्बा बेटावर १,८४० कुटुंबांत एक प्रयोग झाला. कोणत्या कुटुंबाला कागदावर प्रश्न विचारायचे आणि कोणाला संगणकावर, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कागदी नोंदींत मोठ्या संख्येने चुका आढळल्या, आणि संगणकावर त्या टाळता येण्याजोग्या होत्या. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या चुका सगळ्या कुटुंबांत सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. कुटुंबाच्या वैशिष्ट्यांशी त्यांचा संबंध होता. संशयास्पद नोंदी गाळून विश्लेषण केले, तर विशिष्ट प्रकारची कुटुंबेच नमुन्यातून गळतात. शिवाय कागदावर मोजलेला एकूण उपभोगखर्च सरासरीने जास्त भरत होता, त्यामुळे गरिबीचे प्रमाण कमी दिसत होते. माध्यम बदलले की दारिद्र्याचा आकडा बदलतो, हे समजल्यावर कागदाविषयीच्या हळव्या आठवणींना फारशी किंमत देता येत नाही. भारतातही मोठ्या पाहण्या याच वाटेने गेल्या. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जबाबदारी असते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून तिच्या मुलाखती संगणकावर होतात, आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे पाहिली गेली. एवढा व्याप कागदावर उचलून डेटा-एंट्रीच्या टेबलापर्यंत नेण्यात किती महिने जातील आणि किती चुका वाढतील, याची कल्पना कोणालाही करता येईल.

पण ॲपने टाळता येतात त्या चुका एका विशिष्ट जातीच्या असतात: चुकलेला प्रश्न, न जुळणारी बेरीज, पुरुषापुढे नोंदवलेली प्रसूती. यंत्राला विसंगती कळते. सुसंगत असत्य कळत नाही. लोकसंख्याशास्त्रात याचे जुने आणि अनेक देशांत दिसलेले उदाहरण आहे. ज्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची लांबलचक मुलाखत घ्यायची असते, तिथे ४९ च्या जागी ५० आणि १५ च्या जागी १४ वय असलेल्या स्त्रिया अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात. पाच वर्षांच्या आत जन्मलेल्या मुलांविषयी जादा प्रश्न असतील, तर काही जन्म त्या रेषेच्या पलीकडे सरकतात. दमलेल्या अन्वेषकाला कोणत्या उत्तराने काम वाढते ते लवकरच कळते. कागदावर त्याला पाने उलटून पाहावे लागे. फोनवर ५० टाकताच पुढचा अख्खा विभाग नाहीसा होतो, म्हणजे तो धडा पहिल्याच दिवशी मिळतो. अशा नोंदीत एकही विसंगती नसते, आणि मर्यादेच्या सगळ्या तपासण्या ती सहज पार करते. ॲपच्या आतून तिचा माग लागू शकतो: आधी वेगळे वय टाकून नंतर ते बदलले का, हे ॲपने लिहून ठेवले असेल तर. ओपन डेटा किटमध्ये असा बदलांचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि अनेक अभ्यासांत ती चालू केलीच जात नाही.

वयाचा प्रश्न आणखी खोलात जाऊन पाहू, कारण समास म्हणजे नेमके काय हे त्यातून कळते. खेड्यातल्या वयस्कर माणसांपैकी अनेकांकडे जन्मतारखेचा कागद नसतो. विचारले की उत्तर शून्य किंवा पाचवर संपणारे येते, आणि म्हणून वयाच्या आलेखात ४०, ४५, ५० पाशी सुळके उभे राहतात. अनुभवी अन्वेषक अशा वेळी घटनांचा आधार घेतो. पानशेतचे धरण फुटले तेव्हा तुम्ही केवढे होतात? कोयनेचा भूकंप आठवतो का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात की अजून शाळेत होतात? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरली लेक किती वर्षांची होती? पानशेत १९६१, कोयना १९६७, किल्लारी १९९३: या खुणांवरून निघालेले वय सहज सांगितलेल्या वयापेक्षा विश्वासार्ह असते. चांगल्या ॲपमध्ये ही घटनापंचांगाची यादी जिल्ह्यानुसार वेगळी असते, कारण पानशेतचा पूर पुणेकराला आठवतो, गडचिरोलीतल्या आजीला नाही. पोळा, दिवाळी, आषाढी यांच्या त्या त्या वर्षीच्या तारखा त्यात घालून ठेवल्या की लहान मुलाच्या जन्माचा महिनाही सापडतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. वय मिळाल्यावर ॲपने आणखी एक छोटा प्रश्न अन्वेषकालाच विचारला पाहिजे: हे वय आधार कार्डावरून घेतले, शाळेच्या दाखल्यावरून, घटनेच्या खुणेवरून, दुसऱ्या कोणी सांगितले, की अंदाजाने? पाच पर्याय, एक टिचकी. आधार कार्डावरचा जन्मदिनांक १ जानेवारी असला की पुष्कळदा तोही कोणीतरी केलेला अंदाजच असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो संशोधक या एका रकान्याचे मोल जाणेल. नंतर विश्लेषण करताना फक्त कागदावरून घेतलेली वये वेगळी काढून पाहता येतात आणि निष्कर्ष टिकतो का ते तपासता येते. महालनोबीसांनी दोन तुकड्या पाठवून जे साधले, त्याचा काही भाग इथे एका रकान्यात साधतो.

जमिनीचेही तसेच. शेतकरी एकर आणि गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एकराचे गुंठे चाळीस, हेक्टरचे एकर सुमारे अडीच. हिशेब अवघड नाही, पण उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडून तो तोंडी करून घेणे हे चुकीला आमंत्रण आहे. ॲपने दोन्ही एककांत उत्तर घ्यावे, रूपांतर स्वतः करावे आणि मूळ सांगितलेले एकक जपून ठेवावे. धान्याच्या बाबतीत तर हे अपरिहार्य आहे, कारण पायली सगळीकडे सारखी नसते आणि पायलीभर ज्वारीचे वजन पायलीभर भाताएवढे भरत नाही. ज्या ॲपमध्ये किलोशिवाय चौकट नाही, त्यात येणारा प्रत्येक किलोचा आकडा अन्वेषकाच्या मनातल्या रूपांतरातून आलेला असतो, आणि त्याने कोणता हिशेब धरला ते कुठेही उरत नाही. सक्तीच्या प्रश्नांचा धोका याहून मोठा. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर अन्वेषक काहीतरी उत्तर देतोच. ‘माहीत नाही’, ‘सांगायचे नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘विचारले नाही’ ही चार वेगळी उत्तरे आहेत. शून्य हे पाचवे. यांना एकत्र केले की सावकाराकडून घेतलेले कर्ज सांगायला कचरणारा माणूस कर्जमुक्त म्हणून मोजला जातो. जुन्या अनुसूचींत ‘माहीत नाही’साठी ९८ सारखा आकडा लिहीत असत, आज ॲपमध्येही तसाच आकडा ठेवणारे आहेत, आणि तो नकळत सरासरीत मिसळला की वय, वजन, उत्पन्न सगळेच फुगते. अशा उत्तरांना आकड्याऐवजी वेगळी खूण द्यावी. तिला खर्च काहीच नसतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. तपासण्यांमुळेच तर पेम्बाच्या प्रयोगात संगणक सरस ठरला. आता त्या सैल करायच्या, प्रत्येक ठिकाणी ‘माहीत नाही’ची वाट ठेवायची, म्हणजे हाती आलेले तेच गमावायचे नाही का? आळशी अन्वेषक सगळीकडे ‘माहीत नाही’ दाबत जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर तपासण्या काढून टाकण्यात नाही. त्या दोन प्रकारच्या असतात हे ओळखण्यात आहे. काही गोष्टी अशक्य असतात: आईचे वय मुलापेक्षा कमी, मुलाखतीची तारीख उद्याची, सात जणांच्या घरात नऊ कमावते. तिथे ॲपने वाट अडवावी. काही गोष्टी फक्त विरळा असतात: अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालेली प्रसूती, दोन एकरांत निघालेला शंभर टन ऊस, बारा जणांना पुरणारे महिन्याचे पाच किलो धान्य. तिथे ॲपने थांबून विचारावे, ‘खात्री करून घेतली का?’, आणि होकारासोबत एका ओळीचे कारण मागून पुढे जाऊ द्यावे. दुसऱ्या प्रकाराला पहिल्याच्या पंक्तीत बसवणे हा संशोधकाचा सगळ्यात महागडा आळस आहे, कारण मग अभ्यासात नवे काही सापडण्याची शक्यताच ॲप नाकारते: संशोधकाला आधीच ठाऊक असलेल्या मर्यादेत मावेल तेवढेच जग त्याला दिसते. आणि ‘माहीत नाही’चा गैरवापर? तो मोजता येतो. एका अन्वेषकाच्या फॉर्ममध्ये तो इतरांच्या तिप्पट असेल, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी बोलता येते. दडपून बसवलेला खोटा आकडा मात्र वर्षभरानेही ओळखता येत नाही.

भाषेविषयी थोडे, कारण मराठी संशोधकाला इथे जी अडचण येते ती परक्या हस्तपुस्तिकांत सापडत नाही. पहिली अडचण लिपीची. ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकात निदान दोन प्रकारे टाइप होतो, शिवाय ‘कराड’ असेही लिहिले जाते. पहिले दोन स्क्रीनवर अगदी एकसारखे दिसतात, पण यंत्राला ती दोन वेगळी गावे वाटतात. ॲप या शब्दातल्या पहिल्या अक्षराचेही असेच दोन प्रकार प्रचारात आहेत. देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले की त्यात भर पडते. उपाय सोपा आहे: गाव, तालुका, जात, पीक हे काहीच हाताने लिहू न देता यादीतून निवडायला लावावे आणि आत शासनाचा गावाचा संकेतांक साठवावा, मात्र यादीत नसलेली वाडी, पाडा किंवा तांडा लिहिण्यासाठी जागा ठेवावी, कारण सर्वात वंचित वस्ती बहुधा यादीबाहेरच असते. दुसरी अडचण प्रश्नाच्या शब्दांची. इंग्रजीत घडवलेला प्रश्न मराठीत उतरवला की दारात तो कोणालाच कळत नाही. मग प्रत्येक अन्वेषक आपल्या शब्दांत विचारतो आणि एका प्रश्नाचे वीस प्रश्न होतात. प्रश्न मूळ मराठीत लिहावा, त्या भागातल्या बोलीत तो कसा विचारायचा हे प्रशिक्षणातच ठरवून ॲपमध्ये खाली लिहावे. या बाबतीतल्या हेळसांडीचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. बालकांची वजने दरमहा नोंदवणाऱ्या बाईला वाचताच न येणाऱ्या भाषेत ॲप देणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यातून येणाऱ्या नोंदींवर विसंबणे हे शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे आहे. ज्याच्या बोटांतून डेटा येतो, त्याला ॲप घडवताना पहिल्या दिवसापासून सोबत घेतले पाहिजे. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करू लागले. तेव्हा गावातल्या माणसाला फोन जमत नाही, ही सबब आता कोणी सांगू नये.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आल्या आहेत; इथे त्यातल्या दोनतीनच. ॲप रेंजशिवाय पूर्णपणे चालले पाहिजे. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज मिळेल असे गृहीत धरून रचलेले ॲप जिथे अभ्यासाची सर्वाधिक गरज आहे तिथेच बंद पडते. प्रत्येक फॉर्मला फोनवरच एक अद्वितीय क्रमांक मिळावा, म्हणजे रेंज तुटून दोनदा पाठवला गेला तरी सर्व्हरवर एकदाच मोजला जातो. आणि किती फॉर्म भरले, किती पोचले, याचा ताळा रोज रात्री व्हावा. डेटा गहाळ होतो तेव्हा आवाज होत नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या जवळपास सोळा हजार रुग्णांच्या नोंदी मोजणीतून गळाल्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ठराविक ओळींपलीकडे जागाच नव्हती आणि फाइलने कुठलीही तक्रार केली नाही.

समास ठेवा, बदलांचा इतिहास ठेवा, प्रत्येक प्रश्नाला किती सेकंद लागले ते ठेवा, असे म्हणताना दोन माणसांचे हित धोक्यात येते, आणि त्याकडे दुर्लक्ष करून माझा युक्तिवाद पुढे नेणे योग्य होणार नाही. पहिला माणूस अन्वेषक. तासाला किती मुलाखती, कुठे किती वेळ थांबला, कुठे रेंगाळला: ही माहिती हाती आली की ती पगार कापण्यासाठी वापरण्याचा मोह संस्थांना होतो, आणि तसे झाले की अन्वेषक फोनला समाधान वाटेल अशा पद्धतीने काम करू लागतो, झाडाखाली बसून सावकाश खोटे फॉर्म भरणे अशक्य नाही. म्हणून ही माहिती प्रथम प्रश्नाची परीक्षा म्हणून वाचली पाहिजे. सगळेच अन्वेषक एखाद्या प्रश्नावर अडखळत असतील, तर प्रश्न सदोष आहे. काय नोंदले जाते आणि ते कशासाठी वापरले जाईल हे नेमणुकीच्या वेळी त्यांना लेखी सांगावे. दुसरा माणूस उत्तर देणारा, आणि त्याचा हक्क मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला सूट देतो, पण विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी तो डेटा वापरला जात नसेल आणि ठरवून दिलेले दंडक पाळले असतील तरच. ही सूट म्हणजे मोकळीक समजण्याची चूक होऊ नये. घराचे अक्षांश-रेखांश अनेक ॲपमध्ये सवयीने घेतले जातात. गावपातळीवरच विश्लेषण करायचे असेल तर त्यांची गरज नसते, आणि एचआयव्ही किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या अभ्यासात ते बाहेर फुटले तर जिवावर बेतू शकते. कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचाराचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारले जातात. ॲपनेही त्या विभागात शिरण्याआधी एकांताची खात्री विचारावी, आणि सासू किंवा नवरा अचानक आत आला तर एका टिचकीत पिकांच्या प्रश्नांवर जाता यावे अशी सोय द्यावी. उत्तराचा इतिहास जपणे आणि माणसाची ओळख जपणे यांत विरोध नाही, जर नाव-पत्ता-फोन यांची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी, कूटबद्ध आणि फार थोड्या हातांत असेल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर त्याची संमती स्वतंत्र घ्यावी, आणि नाही म्हटले तरी मुलाखत चालू राहावी.

शेवटचा आक्षेप विद्यार्थ्यांचा आहे, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. एम.ए. किंवा पीएच.डी.साठी दोनशे घरे पाहणाऱ्याने एवढे सगळे कशाला करायचे? माझे उत्तर असे की काही वेळा करूच नये. प्रश्न कोणते विचारायचे हेच अजून ठरत असेल, माणसांशी मोकळे बोलून विषय समजून घ्यायचा असेल, तर वही हेच योग्य साधन. त्या टप्प्यावरचा फोन बोलण्याला आधीच ठरलेल्या साच्यात ढकलतो. प्रश्न ठरले, ते दहावीस घरांत कागदावर विचारून पाहिले, कुठे समासात लिहावे लागते ते कळले, की मगच तक्ता लिहायला घ्यावा. समासात जे वारंवार लिहावे लागले, त्याला ॲपमध्ये स्वतःचा रकाना मिळतो. जे क्वचित आले, त्यासाठी प्रत्येक विभागाच्या शेवटी एक मोकळी चौकट आणि बोलून नोंद करण्याचे बटण पुरते. बोललेली मराठी नोंद छोट्या स्क्रीनवर टाइप केलेल्या नोंदीपेक्षा दहापट बोलकी असते आणि अन्वेषकाचा वेळही वाचवते. ओपन डेटा किटसारखी काही साधने फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळतात, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतात, आणि एका माणसाला दोनतीन आठवड्यांत शिकता येतात. खर्च होतो तो विचारांचा, आणि तो कागदावरही करावाच लागला असता.

हे सारे आता अधिक तातडीचे झाले आहे, कारण भारताची येणारी जनगणनाच प्रगणकांच्या हातातल्या मोबाइल ॲपवर होणार आहे; देशाच्या बहुतेक भागासाठी तिचा लोकसंख्या मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तिच्या पाठोपाठ विद्यापीठे, नगरपालिका, सहकारी संस्था, रुग्णालये सगळीकडे ॲपवरच्या पाहण्या वाढतील. त्यांच्या अहवालांत आकडे असतील, आलेख असतील. वाचकांनी आणि परीक्षकांनी त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मागाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: वापरलेला फॉर्मचा तक्ता त्याच्या सगळ्या अटी आणि मर्यादांसह, पाहणी चालू असताना त्यात कोणत्या तारखेला काय बदलले याची यादी, आणि किती उत्तरे कागदपत्रावरून, किती अंदाजाने, किती ‘सांगायचे नाही’ म्हणून आली याचा प्रश्नवार गोषवारा. तिन्ही गोष्टी कोणाचीही ओळख उघड न करता देता येतात, सर्व्हरवर त्या तयारच असतात, आणि अहवालाच्या शेवटी त्यांना फार तर पाचसहा पाने लागतील.